बारा सव्वीसची नोंद

॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

उत्तरावन्संना कलावतीचा नमस्कार.

फोन केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि जे विचारायचं आहे ते जिन्यात ऐकू जाण्यासारखं नाही. म्हणून हे अंतर्देशीय. दोन राहिली होती घरात, त्यातलं एक काढलं.

काल क्षिप्रा नावाची एक मुलगी आली होती. ठाण्याच्या एका इस्पितळातून सिझेरियनने झालेल्या मुलांची माहिती गोळा करतात, त्यात रुचिताने आपल्या सान्वीचं नाव दिलं आहे. ऑपरेशनच्या वेळी आईला जंतू होऊ नयेत म्हणून जे अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, ते कुठे चिरण्याआधी देतात, कुठे बाळाची नाळ कापल्यावर. आधी दिलं तर ते आईच्या रक्तातून बाळातही जातं. अशी मुलं पुढे कशी राहतात, दमा, अंगाला खाज, सारखा ताप, ते त्यांना बघायचं आहे. मुलगी चांगली होती. चहा अर्धाच घेतला, पण चपला बाहेर काढून आली.

कल्याणचं ते नर्सिंग होम बंद पडलं, कागद गेले. तेव्हा रुचिता तिला म्हणाली, "आमच्या आईंकडे वही असते, त्यात सगळं मिळेल." मिळालं. जसं आहे तसं इथे उतरवते: गुरुवार, १३ डिसेंबर २०१८. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपास. ११.३० खोलीत इंजेक्शन. ११.४० आत नेलं. १२.२६ कन्यारत्न, पायाळू.

ते वाचून क्षिप्रा म्हणाली, "इंजेक्शनपासून छप्पन्न मिनिटं? बाकीच्यांकडे वीस-पंचवीस मिनिटांत बाळ बाहेर असतं, काकू."

वन्सं, एवढा वेळ का लागला ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. गुरुजींनी मुहूर्ताची वेळ बारा दहा ते बारा पन्नास दिली होती. डॉक्टर तुमच्या ओळखीचे, तुम्ही आत जाणार होतात, म्हणून मी तुम्हाला दारात अडवून सांगितलं होतं की बारा दहाच्या आत बाळ नको, तेवढं डॉक्टरांना सांगा. संदेश-रुचिताला हे आजवर माहीत नाही. त्यांना वाटतं वेळ आपसूक जुळली. दर वाढदिवसाला मी बारा सव्वीसला तिला ओवाळते, ती शाळेत असली तर तिच्या फोटोला.

तुम्ही चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलीत. तो जास्तीचा अर्धा तास औषध पोरीच्या अंगात जात राहिलं का? तिचा दमा माझ्यामुळे आहे का? एका ओळीत उत्तर दिलंत तरी चालेल.

फॉर्म माझ्याकडेच आहे. गणपतीनंतर भरून रुचिताकडे द्यायचा आहे. छप्पन्न मिनिटं दिसली की ती विचारणारच. आधीच इथल्या कारखान्यांच्या हवेपायी ते दोघं पोरीला घेऊन माजिवड्याला गेले. सुट्टीला तेवढी येते, तेही येणं बंद होईल.

ह्यांची पाठ बरी आहे. मागल्या खेपेला उसण भरली तेव्हा सान्वीचा पाय लावून घेतला. सिझेरियनने झालेली पायाळू चालते का, असं विचारत होते. उतरली मात्र.

कलावती


टेंभी नाका, ठाणे
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून मॅट्रिकच्या पेपरातलंच आहे.

एका ओळीत उत्तर मागितलंत: कुणीच सांगू शकत नाही. आता दोन ओळी जास्त लिहिते. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही हे इंजेक्शन नाळ कापल्यावर द्यायचो, बाळाला नको म्हणून. मग असं दिसलं की आधी दिलं तर बायकांचे टाके कमी पिकतात, ताप कमी येतो, तेव्हा पद्धत बदलली. टाके पिकून बाई महिनाभर पडून राहिलेली मी पाहिली आहे, त्यामुळे मला त्या बदलाचं वाईट वाटलं नाही. बाळाचं पुढे काय होतं, हे बघायचं राहिलं होतं, ते आता बघतात. क्षिप्राने दिलेलं माहितीपत्रक वाचलंत का? त्यात असेल, परदेशात लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या आणि आधी दिलेल्या इंजेक्शनाने दमा किंवा खाज वाढल्याचं दिसलं नाही. दमा आपल्या घरात आहे. आमच्या आईला होता, मोठ्या काकांना होता. तेव्हा त्याला धाप म्हणायचे आणि गप्प बसायचे.

फॉर्मचं म्हणाल, तर वेळेच्या रकान्यात "आठवत नाही" लिहा. सात वर्षं होत आली. तेही खोटं नाही.

दादाच्या पाठीला शेक द्या. पाय पुरे.

उत्तरा


॥ श्री ॥
डोंबिवली,
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

उत्तरावन्संना नमस्कार.

"आठवत नाही" हे ज्याच्याकडे वही नाही त्याने लिहावं. माझ्याकडे आहे. लग्न झाल्यापासून दूधवाल्यापासून देवाच्या तेलापर्यंत सगळं मी लिहीत आले, त्यात एक ओळ खोटी नाही. देवासमोर बसून लिहिते मी ती.

माहितीपत्रक वाचलं. दोनदा वाचलं. लाखो मुलांचं लिहिलं आहे ते खरं असेल. पण त्या लाखोंमध्ये आजीने दारात अडवून थांबायला लावलेली किती, ते त्यात नाही.

गणपतीला सगळे आले होते. धूप मी यंदा लावलाच नाही, उदबत्तीही बाहेरच्या कठड्यावर खोचली, कापूर तेवढा आरतीला. तरी तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना सान्वीला धाप लागली. ती स्वतःच टाळ खाली ठेवून आत गेली, पिशवीतून तो नळीचा डबा काढला, पंप बसवला आणि दहा आकडे मोजत ओढला. एवढीशी पोर. कुणाला हाक मारली नाही. बाहेर आमचं "घालीन लोटांगण" चालू. मी मधेच थांबले तर सान्वीच म्हणते, "आजी, तू म्हण ना, मी येते."

नंतर भांडी आवरताना रुचिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तो फॉर्म भराल ना, तेव्हा जन्माच्या वेळचं सगळं खरं खरं लिहा हं."

दोनदा "खरं" म्हणाली. तिला संशय आला आहे, वन्सं. त्या क्षिप्राकडून काहीतरी कळलं असणार. वाट्या पुसत राहिले.

आता ठरवलं आहे. फॉर्मवर ११.३० आणि १२.२६ असंच लिहीन, आणि वेळ का लागला हे सोबत वेगळ्या कागदावर लिहून रुचिताला देईन. तुमचं नाव त्यात घालणार नाही. निरोप माझा होता, तुम्ही फक्त पोचवलात. मग तिला काय करायचं ते करू दे.

गौरींचा फराळ संदेशबरोबर पाठवते आहे, पत्र त्याच पिशवीत तळाशी आहे. चकल्या यंदा नरम झाल्या.

कलावती


टेंभी नाका, ठाणे
९ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तो वेगळा कागद लिहू नका. लिहिला असेल तर फाडा. मग हे वाचा.

तुमचा निरोप मी डॉक्टरांना सांगितला. ते हात धूत होते. म्हणाले, "सिस्टर, ऐकू आलं." बस. थांबतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. रुचिताला पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन आडवी केली आणि बाळाचे ठोके पडायला लागले. शंभर, नव्वद, ऐंशी. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. बाळ अकरा बावन्नला बाहेर आलं.

बारा सव्वीसला नाही, वहिनी. अकरा बावन्नला.

पायाकडून आलं, निळसर होतं, रडलं नाही. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, मग मास्क लावून हवा दिली. चार मिनिटांनी रडली. पुढे अर्धा तास तिला प्राणवायूवर ठेवली. डॉक्टरांनी संदेशला बोलवायला सांगितलं, मी म्हटलं थोडं थांबा, पोरगी सुधारतेय, बाहेर तिची आजी उपाशी बसलीये. ती गुलाबी झाल्यावर मी तिला गुंडाळून तुमच्याकडे आणली. तेव्हा बारा सव्वीस झाले होते. तुम्ही बाळाकडे बघायच्या आधी मला विचारलंत, "किती वाजता झाली?" मी समोरच्या घड्याळात होती ती वेळ सांगितली. तुम्ही तिथेच भिंतीला हात लावून नमस्कार केलात.

नंतर सांगीन असं ठरवलं होतं. बाळाच्या कार्डावर वेळेची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली, की दोन दिवसांत तुम्हाला सांगून भरू. तिसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही स्वतःच्या पेनने, सुवाच्य अक्षरात, १२.२६ लिहून मोकळ्या झालेल्या. मग पत्रिका झाली. मग नावाचं अक्षर निघालं. मग बारसं. सांगायला जागाच राहिली नाही.

तेव्हा तुमच्या मुहूर्तापायी पोरीच्या अंगात जास्तीचं काही गेलं नाही. इंजेक्शनपासून बावीस मिनिटं, सगळ्यांसारखीच. पण फॉर्मवर एक प्रश्न असेल, जन्मल्यावर बाळाला श्वासासाठी मदत लागली का. तिथे तुम्ही "नाही" वर खूण केली असणार. ती "होय" करा. त्यांच्या मोजणीत ते महत्त्वाचं आहे.

तुम्ही म्हणता तुमच्या वहीत एक ओळ खोटी नाही. एक आहे, आणि ती माझी आहे.

उत्तरा


टेंभी नाका
२४ सप्टेंबर (पोस्टकार्ड)

वहिनी, पंधरा दिवस झाले, पत्र नाही. इथे देवी बसली, नाक्यावर मंडपाला माणसांची रांग आहे, घरी येणाऱ्याला वळसा घालून यावं लागतं. तुम्ही दरवर्षी ओटी भरायला येता. यंदा येणार का, एवढं कळवा. रागावला असाल तर तसंही लिहा. कार्ड उघडं आहे, पोस्टमन वाचेल, म्हणून बाकी लिहीत नाही. उ.


॥ श्री ॥
डोंबिवली,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रुचितास अनेक आशीर्वाद.

सोबत भरलेला फॉर्म आहे. संदेशला पोचल्या पोचल्या दे म्हणून सांगितलं आहे. क्षिप्राकडे द्यायच्या आधी तू हे वाच.

तुला पुढे वाचताना राग येईल. आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच.

सान्वीच्या जन्माच्या दिवशी मी आत्यांकरवी डॉक्टरांना निरोप दिला होता, की बारा दहाच्या आत बाळ काढू नका. तुला आणि संदेशला विचारलं नाही. तू आत जाणार, घाबरलेली, तुला काय विचारायचं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, अंग तुझं होतं.

डॉक्टरांनी ऐकलं नाही, हे देवाचे उपकार. बाळाचे ठोके कमी झाले आणि ११.५२ ला त्यांनी काढलं. सान्वी लगेच रडली नाही, हवा द्यावी लागली. हे आत्यांनी मला आता कळवलं. तोपर्यंत मी बारा सव्वीस धरून चालले होते. कार्डावरचं अक्षर माझं आहे, डॉक्टरांचं नाही. सहा वाढदिवस मी चुकीच्या वेळेला ओवाळलं. डॉक्टर थांबले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी पंधरा दिवस केला. जपाला बसले तरी तोच. पुढे लिहीत नाही.

फॉर्मवर आता लिहिलं आहे: इंजेक्शन ११.३०, चिरण्याआधी. जन्म ११.५२. श्वासासाठी मदत, होय. पहिल्यांदा "नाही" वर खूण केली होती ती एका रेघेने खोडली आहे, खाली सही केली आहे.

आत्यांना बोलू नकोस. त्यांनी मला घाबरवायचं नाही म्हणून केलं, आणि मला घाबरवायचं नाही असं त्यांना का वाटलं, ते माझं मला माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सान्वीला पाठवायचं की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

आई


माजिवडा, ठाणे
१ ऑक्टोबर

आई,

मोबाईलवर टाइप करत होते, तीनदा डिलीट केलं. तुम्ही कागदावर लिहिलंत म्हणून मीही. अक्षर वाचता आलं नाही तर बाबांकडून वाचून घ्या. नको, बाबांकडून नको.

मला माहीत होतं.

तुमचा निरोप माहीत नव्हता, ते आता कळलं. पण वेळ माहीत होती. आई, मला पाठीतलं इंजेक्शन दिलेलं, मी झोपलेली नव्हते. मधे हिरवा पडदा, आणि पडद्याच्या वर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर घड्याळ. डॉक्टर म्हणाले "मुलगी", तेव्हा अकरा बावन्न. मग कुणीच काही बोलेना. आत्या तिकडे कोपऱ्यात वाकलेल्या. ती रडत नव्हती. मला हलता येत नव्हतं, काही दिसत नव्हतं, फक्त ते घड्याळ दिसत होतं, म्हणून मी सेकंदकाट्याकडे बघत बसले. चार फेऱ्या झाल्या. पाचवी सुरू होताना रडली. त्यानंतर त्यांनी मला झोपेचं दिलं.

वॉर्डमध्ये डोळे उघडले तर तुम्ही कार्ड हातात धरून, "बारा सव्वीस! अगं, अगदी मधोमध!" दिवसभराच्या उपाशी, आणि असा चेहरा तुमचा मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. मी म्हटलं, राहू दे. पोरगी बाजूला झोपलीय, श्वास घेतेय, हिच्या आजीला बारा सव्वीस हवी तर बारा सव्वीस. मग पत्रिका बनली, आणि मग माझंही तेच झालं जे आत्यांचं झालं.

गणपतीत मी "खरं खरं लिहा" म्हणाले ते यासाठी, की तुम्ही कार्डावरची वेळ तशीच फॉर्मवर उतरवाल. क्षिप्रा म्हणालेली की हे मिनिटांवर चालतं. सरळ सांगायला तोंड होईना, म्हणून वाट्यांशी बोलल्यासारखं बोलले. तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, तुमच्याबरोबर अकरा वर्षं काढलीत मी.

निरोपाचा राग आलाय. खोटं कशाला बोलू? संदेशला सांगितलं, तो म्हणाला, "आईने विचारलं असतं तर मीच हो म्हणालो असतो." मग त्याचाही आला. जाईल थोड्या दिवसांनी.

फॉर्म दिला. क्षिप्राला विचारलं, यावरून कळेल का हिला दमा कशाने झाला. ती म्हणाली, "नाही ताई, एका मुलावरून कुणाचंच कळत नाही. हजारो फॉर्म एकत्र केले तर मुलांच्या बाबतीत काय होतं ते थोडंफार कळेल." म्हणजे आपल्याला आपलं उत्तर मिळणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. चालेल मला.

सुट्टीचं विचारणार नाही म्हणालात, तर मीच सांगते. अठराला संदेश सोडेल तिला. गाडी शीळफाट्याला अडकली तर उशीर होईल, जेवायला थांबू नका. पंप आणि नळी पिशवीच्या वरच्या कप्प्यात. सकाळी दोन, झोपताना दोन, चूळ भरायला लावा, ती फसवते. आणि त्या खिडक्या संध्याकाळी बंदच ठेवा, वास सुटतो तेव्हा.

रुचिता


॥ श्री ॥
डोंबिवली,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

उत्तरावन्संना नमस्कार.

यंदा ओटी राहिली. रागावले नव्हते. वही उघडायला बसत होते आणि हात होत नव्हता, एवढंच. पुढल्या वर्षी दोन ओट्या घेऊन येईन.

रुचिताचं पत्र सोबत घातलं आहे. तिला न विचारता पाठवते आहे. ही माझी जुनी खोड, पण तुम्ही ते वाचायलाच हवं. वाचून परत करा. पत्र दोन पदरी झालं, म्हणून अंतर्देशीय न घेता पाकीट घेतलं.

काल वही काढली. १२.२६ खोडलं नाही. त्या वेळेला ती माझ्या हातात आली, तेवढं खरंच आहे. त्यापुढे "हाती आली" असं लिहिलं. खाली जागा होती, तिथे लिहिलं: जन्म ११.५२. रडली ११.५६. सांगणार रुचिता.

पत्रिकेचं ह्यांनी विचारलं, गुरुजींकडून नवी करून घ्यायची का. मी नको म्हटलं. जुनी देव्हाऱ्याच्या खणात आहे, राहू दे तिथे. लग्नरास बदलते की तीच राहते, तेही मी विचारलं नाही. देवाला वेळ माहीत होती, माझ्या पेनाने त्याची काही गफलत झाली नसेल.

यंदा तेरा डिसेंबरला शनिवार आहे, सान्वीला शाळा नाही. ओवाळायचं अकरा छप्पन्नला ठरवलं आहे. बावन्नला पाटावर बसवायची आणि चार मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, असं रुचिता म्हणते. सान्वीला गप्प बसवणं जमेल का, देव जाणे. तुम्ही साडेअकरापर्यंत या, आणि कानाचं यंत्र विसरू नका. ती पहिल्यांदा रडली तेव्हा मी दाराबाहेर होते, मला ऐकू आलं नाही. आत तुम्ही होतात. कसं रडली ते मला सांगा.

कलावती